मेदपेशीची घडण आणि थोपवलेला ग्राही

मेदपेशी थेट मेदपेशी म्हणून जन्माला येत नाही. त्वचेखाली, आतड्यांभोवतीच्या पडद्यात आणि अस्थिमज्जेत, बारीक रक्तवाहिन्यांना लगटून, दोन्ही टोकांना निमुळत्या अशा साध्या पेशी असतात. त्यांच्यात चरबीचा थेंबही नसतो. योग्य इशारे मिळाले की यांतल्या काही पेशी विभाजन थांबवतात, गोल होतात आणि स्वतःत चरबीचे थेंब साठवू लागतात. पुढे ते थेंब एकमेकांत मिसळून एकच मोठा थेंब होतो आणि केंद्रक पेशीच्या कडेला ढकलले जाते. ही पूर्ण वाढलेली मेदपेशी. वयात आल्यावर माणसाच्या अंगातील मेदपेशींची एकूण संख्या फारशी बदलत नाही, पण त्या पेशी मात्र बदलत राहतात. अणुचाचण्यांमुळे वातावरणात मिसळलेल्या किरणोत्सारी कार्बनच्या आधारे स्वीडनमध्ये पेशींचे वय मोजण्यात आले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षानुसार दरवर्षी सुमारे १० टक्के मेदपेशी मरतात आणि तितक्याच नव्या तयार होतात. म्हणजे मेदपेशींची घडण बालपणात संपत नाही, ती आयुष्यभर चालू असते. ही घडण ज्या एका प्रथिनावर अवलंबून आहे ते थोपवले तर काय होते, हा या आढाव्याचा विषय आहे.

ते प्रथिन म्हणजे पीपीएआर-गॅमा. केंद्रकी ग्राही या कुळातले ते एक. इन्शुलिनसारख्या संप्रेरकांचे ग्राही पेशीच्या पृष्ठभागावर असतात आणि निरोप आत पोचवण्यासाठी त्यांना मध्यस्थांची साखळी लागते. केंद्रकी ग्राहींना असे मध्यस्थ लागत नाहीत. ते डीएनएवर स्वतः बसतात आणि कोणते जनुक चालू व्हायचे, कोणते बंद राहायचे हे तिथेच ठरवतात. माणसात अशा ग्राहींची ४८ जनुके आहेत. इस्ट्रोजेन, कॉर्टिसॉल, थायरॉइड संप्रेरक आणि ड जीवनसत्त्व यांचे ग्राही याच कुळात मोडतात. या कुळातल्या पीपीएआर शाखेचा पहिला सदस्य १९९० साली उंदरात सापडला. अल्फा, डेल्टा आणि गॅमा अशा तीन सदस्यांपैकी गॅमा मेदऊतीत सर्वाधिक आढळतो. माणसात त्याचे जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर आहे आणि त्यापासून दोन रूपे तयार होतात. गॅमा-१ अनेक ऊतींत असते, तर गॅमा-२ मुख्यतः मेदऊतीत.

हा ग्राही एकटा काम करत नाही. आरएक्सआर नावाच्या दुसऱ्या केंद्रकी ग्राहीशी जोडी जमवूनच तो डीएनएवर बसतो. त्याच्या पोटात एक ऐसपैस पोकळी असते. मेदाम्ले आणि त्यांपासून बनलेले पदार्थ त्या पोकळीत बसतात. योग्य रेणू बसला की ग्राहीच्या टोकाचा एक तुकडा, ज्याला बारावी हेलिक्स म्हणतात, जागा बदलून घट्ट बसतो आणि जनुके जागवणारी साहाय्यक प्रथिने तिथे येऊन चिकटतात. असा रेणू म्हणजे उत्तेजक. पोकळी अडवून बसणारा पण हा तुकडा जागेवर न आणणारा रेणू म्हणजे रोधक. जनुके झाकून ठेवणाऱ्या प्रथिनांना उलट अधिक घट्ट धरायला लावणारा रेणू असेल तर त्याला प्रतिउत्तेजक म्हणतात. हा भेद वरवर बारीक वाटतो, पण पुढे अनेक प्रयोगांचे निष्कर्ष त्याच्याच आधारे उलगडतात.

मेदपेशींच्या घडणीचा अभ्यास बराचसा एका पेशीवंशावर झाला आहे. हॉवर्ड ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेत उंदराच्या भ्रूणपेशींतून ३टी३-एल१ हा वंश वेगळा काढला. आज तो जगभर वापरला जातो. भारतात तो पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेच्या पेशीसंग्रहातून देशभरच्या प्रयोगशाळांना मिळतो. प्रयोगाची रीत ठरलेली आहे. पेशी बशीच्या तळाला पसरत जातात आणि एकमेकींना टेकल्या की वाढ थांबवतात. त्यानंतर दोन दिवसांनी त्यांना तीन द्रव्यांचे मिश्रण दिले जाते: इन्शुलिन, डेक्सामेथासोन आणि आयबीएमएक्स. पहिल्या दोन-तीन दिवसांत पेशी एक-दोनदा विभागतात. चौथ्या-पाचव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकाभोवती चकाकणारे बारीक थेंब दिसू लागतात. आठव्या दिवसाच्या सुमारास ऑइल रेड ओ हा चरबीला लागणारा रंग घातला की बशी नुसत्या डोळ्यांनाही लालभडक दिसते. तिच्यासोबतच वाढवलेली, पण मिश्रणासोबत रोधक मिळालेली बशी शेजारी ठेवली तर ती जवळजवळ रंगहीन असते. तिच्यात निमुळत्या पेशी होत्या तशाच पसरलेल्या दिसतात. त्या मेलेल्या नसतात. त्यांची घडण तेवढी थांबलेली असते.

ती नेमकी कुठे थांबते, हेही ठाऊक आहे. मिश्रण मिळाल्यावर काही तासांत सी/ईबीपी-बीटा आणि सी/ईबीपी-डेल्टा ही दोन प्रथिने वाढतात. ती पीपीएआर-गॅमाचे जनुक जागवतात. मग पीपीएआर-गॅमा आणि सी/ईबीपी-अल्फा एकमेकांना जागे ठेवतात आणि ही जोडी शेकडो जनुके उघडते: मेदाम्ले आत घेणारी, त्यांची चरबी बनवणारी, थेंबाभोवती आवरण धरणारी, अ‍ॅडिपोनेक्टिन हे संप्रेरक स्रवणारी. बॉस्टनमधील ब्रूस स्पीगेलमन यांच्या गटाने १९९४ साली साध्या तंतुपेशींत केवळ पीपीएआर-गॅमा-२ घालून त्यांच्या मेदपेशी करून दाखवल्या. २००२ साली उलट प्रश्न विचारला गेला. पीपीएआर-गॅमा नसलेल्या पेशींत सी/ईबीपी-अल्फा भरपूर घातले तर काय होते? काहीच होत नाही. सी/ईबीपी-अल्फा नसले तरी पीपीएआर-गॅमा पेशीत चरबी साठवायला लावू शकते, मात्र अशा पेशी इन्शुलिनला नीट प्रतिसाद देत नाहीत. या प्रयोगांनंतर एक गोष्ट नक्की झाली. मेदपेशीच्या घडणीत पीपीएआर-गॅमाची जागा दुसरे कोणी घेऊ शकत नाही.

आता रोधकांकडे. संशोधनात सर्वाधिक वापरला जाणारा रोधक म्हणजे जीडब्ल्यू ९६६२. नावातली पहिली दोन अक्षरे ग्लॅक्सो वेलकम या कंपनीची आहेत. हा क्लोरीन आणि नायट्रो गट असलेला छोटा बेन्झामाइड रेणू आहे. पोकळीच्या तोंडाशी असलेल्या २८५ क्रमांकाच्या सिस्टीन या अमिनो आम्लाशी तो कायमचा रासायनिक बंध करतो. म्हणूनच तो धुऊन काढता येत नाही. ग्राही पुन्हा मोकळा व्हायचा तर पेशीला नवे प्रथिनच बनवावे लागते. २००२ साली पुढे आलेला टी००७०९०७ त्याच सिस्टीनला पकडतो, पण जनुके झाकणाऱ्या प्रथिनांना अधिक घट्ट ओढतो. त्यामुळे तो प्रतिउत्तेजकाच्या जवळ जातो. एसआर-२०२ या तिसऱ्या रोधकाची रचना वेगळी आहे. बिस्फेनॉल-ए डायग्लिसिडिल ईथर, म्हणजे बॅज, हा इपॉक्सी रेझिनचा मूळ घटक. २००० साली तोही पीपीएआर-गॅमाचा रोधक म्हणून नोंदला गेला. त्याच वर्षी दुसऱ्या एका पेशीवंशात तो उत्तेजकासारखा वागतो, असेही दिसले. एकच रेणू एका पेशीत दार अडवतो आणि दुसरीत उघडतो. ही विसंगती प्रयोगाच्या चुकीतून आलेली नाही. पोकळी ऐसपैस आहे आणि प्रत्येक पेशीत साहाय्यक प्रथिने निराळ्या प्रमाणात असतात, म्हणून असे घडते. बॅजवर आधारलेला कोणताही निष्कर्ष वाचताना ही नोंद जवळ ठेवावी लागते. जीडब्ल्यू ९६६२ बद्दलही सावधपणा हवाच. कर्करोगाच्या पेशींवर त्याचे जे काही परिणाम दिसले, त्यांतले काही पीपीएआर-गॅमाशी संबंधित नव्हते. म्हणून रोधकाचा परिणाम त्या ग्राहीचाच आहे हे सिद्ध करायचे तर जनुक काढून टाकलेल्या पेशीतही तोच प्रयोग करावा लागतो.

वेळेलाही मोठे महत्त्व आहे. मिश्रणासोबत किंवा त्याआधी रोधक दिला तर घडण थांबते. चरबीने भरलेल्या पेशींना तो उशिरा दिला तर परिणाम बराच कमी असतो. पण त्यावरून तयार मेदपेशीला पीपीएआर-गॅमाची गरज उरत नाही असा निष्कर्ष काढला तर तो चुकीचा ठरेल. २००२ साली जपानी संशोधकांनी तयार ३टी३-एल१ मेदपेशींत या ग्राहीचे बिघडवलेले रूप घातले. ते खऱ्या ग्राहीची जागा अडवते. पेशींतली चरबी घटली, त्या आकसल्या आणि इन्शुलिनला पूर्वीसारखा प्रतिसाद देईनाशा झाल्या. दोन वर्षांनी फ्रान्समधील गटाने प्रौढ उंदरांच्या तयार मेदपेशींतून हे जनुकच काढून टाकले. त्या पेशी काही दिवसांत मेल्या आणि शेजारी ग्राही शाबूत असलेल्या नव्या पेशी घडू लागल्या. म्हणजे हा ग्राही मेदपेशी घडवतो तसा तिला टिकवूनही धरतो.

बशीतल्या पेशीवरून जिवंत प्राण्याकडे गेले की चित्र गुंतागुंतीचे होते. १९९९ साली तीन गटांनी स्वतंत्रपणे पीपीएआर-गॅमा नसलेले उंदीर तयार करण्याचा प्रयत्न केला. भ्रूण दहाव्या दिवसाच्या सुमारास मरत होते, कारण हा ग्राही नसला की वारच नीट तयार होत नाही. वारेची अडचण दूर करून जन्मापर्यंत पोचवलेल्या पिल्लात मेदऊती नव्हती आणि अंगात ठिकठिकाणी रक्तस्राव झालेला होता. याच वर्षी टोकियोतील गटाने मात्र अनपेक्षित गोष्ट दाखवली. जनुकाची एकच प्रत असलेले, म्हणजे निम्म्या ग्राहीवर जगणारे उंदीर चरबीयुक्त आहारावर कमी लठ्ठ झाले, त्यांच्या मेदपेशी लहान राहिल्या आणि इन्शुलिनला प्रतिसाद चांगला राहिला. अर्ध्यावर थोपवणे हिताचे आणि पूर्ण थोपवणे घातक, हा विरोधाभास तिथून सुरू झाला.

२००१ साली त्याच गटाने तो अधिक स्पष्ट केला. साध्या उंदरांना बॅज किंवा आरएक्सआरचा रोधक दिला तेव्हा लठ्ठपणा आणि मधुमेह दोन्ही कमी झाले. पण हेच रोधक आधीच निम्मा ग्राही असलेल्या उंदरांना दिले तेव्हा पांढरी मेदऊती जवळपास नाहीशी झाली, लेप्टिन हे मेदपेशींचे संप्रेरक खूप घटले आणि इन्शुलिनचा अवरोध परत आला. २००६ साली जीडब्ल्यू ९६६२ नेही चरबीयुक्त आहारावरच्या उंदरांचा लठ्ठपणा रोखला. यातला किती भाग मेदऊतीतला आणि किती मेंदूतला, हा प्रश्न २०११ साली दोन गटांनी पुढे आणला. मेंदूतल्या चेतापेशींतला पीपीएआर-गॅमा भूक वाढवतो. तो तिथे अडवला की प्राणी कमी खातो. म्हणजे रोधक देऊन उंदीर बारीक झाला, यावरून त्याच्या मेदपेशी घडल्या नाहीत असे थेट म्हणता येत नाही.

मेदऊतीपुरते जनुक काढलेल्या उंदरांनी उरलेली शंका मिटवली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अशा प्रयोगात मेदपेशींतच पीपीएआर-गॅमा नसलेल्या उंदरांत दिसण्याइतकी चरबी उरली नाही, पण ते निरोगी बारीक झाले नाहीत. त्यांचे यकृत चरबीने फुगले आणि त्यांना तीव्र इन्शुलिन अवरोध झाला. मेदऊती हे भाताच्या कणगीसारखे साठवणीचे ठिकाण आहे. कणगी नसली म्हणून पीक थांबत नाही. धान्य ओटीवर, माजघरात, जिथे जागा मिळेल तिथे पडते आणि तिथे ते सडते. जेवणातून आलेली मेदाम्ले मेदपेशीत गेली नाहीत तर यकृतात, स्नायूंत आणि स्वादुपिंडात जातात. तिथे ती इन्शुलिनच्या कामात अडथळा आणतात. मेदपेशी घडू न देणे म्हणजे चरबी कमी करणे, ही समजूत इथे मोडते.

माणसात हा प्रयोग निसर्गानेच केला आहे. १९९९ साली केंब्रिजच्या संशोधकांनी तीव्र इन्शुलिन अवरोध, तरुण वयातला मधुमेह आणि उच्च रक्तदाब असलेल्या काही व्यक्तींत पीपीएआर-गॅमाच्या जनुकातील उत्परिवर्तने शोधली. बिघडलेला ग्राही चांगल्या ग्राहीचेही काम अडवत होता. २००२ पासून अशा आणखी कुटुंबांचे वर्णन झाले आणि या विकाराला कौटुंबिक अंशतः मेदक्षय, प्रकार ३, असे नाव मिळाले. या रुग्णांच्या हातापायांवरची आणि नितंबांवरची चरबी झडते, दंडाच्या शिरा उठून दिसतात, पण पोटावरची चरबी टिकून राहते. रक्तात ट्रायग्लिसराइड वाढतात आणि यकृतात चरबी साठते. अंगावरची सर्वच चरबी सारखी नाही, त्वचेखालची आणि पोटातली चरबी या ग्राहीवर सारख्या अवलंबून नाहीत, हे माणसात सर्वांत स्पष्ट इथे दिसते. याच जनुकात एक सौम्य फेरही सर्वत्र आढळतो. बाराव्या जागी प्रोलीनऐवजी अ‍ॅलानीन आले तर ग्राही थोडा मंद होतो. २००० साली अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसले की प्रोलीन असलेल्यांना मधुमेहाचा धोका सुमारे सव्वापट आहे. थोडा मंद ग्राही थोडे संरक्षण देतो, ही गोष्ट टोकियोच्या उंदरांशी जुळते.

या सगळ्याचा कोकणाशी आणि महाराष्ट्राशी संबंध थेट आहे, आणि तो पुण्यातून येतो. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण पाठीवरच्या त्वचेच्या घडीखालची चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. वजन कमी, स्नायू कमी, चरबी मात्र राखलेली, असा हा बांधा. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन यडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र आले. दोघांचा शरीरवस्तुमान निर्देशांक २२.३ होता. यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय शरीरात चरबी लवकर पोटात जाते. म्हणूनच भारतीयांसाठी कमरेच्या घेराची धोक्याची मर्यादा पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर अशी कमी धरली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, एकंदर लठ्ठपणाचे २८.६ टक्के आणि पोटाच्या लठ्ठपणाचे ३९.५ टक्के आले. शेवटचे दोन आकडे एकत्र वाचले की प्रश्नाचे स्वरूप कळते.

पेण आणि रोहा हे रायगडातले शेजारचे तालुके या प्रश्नाची दोन्ही टोके दाखवतात. एकीकडे डोंगरपट्टीतल्या कातकरी आणि ठाकर वाड्यांवर कमी वजनाची बाळे. दुसरीकडे पेणची बाजारपेठ, डोलवीचा पोलाद कारखाना, रोह्याजवळची धाटाव औद्योगिक वसाहत, आणि तिथे बैठ्या किंवा पाळीच्या कामावर जाणारी पिढी. कमी वजनाने जन्मलेले मूल मोठेपणी भरपूर उष्मांक मिळणाऱ्या वातावरणात आले की चरबी कुठे साठते, हाच त्याच्या आरोग्याचा प्रश्न होतो. अशा शरीरात मेदपेशींची घडण सरसकट थोपवणे हे उलट दिशेचे औषध ठरेल. त्वचेखाली चरबीला सुरक्षित जागा मिळणे हीच तिथली गरज आहे.

औषधांच्या इतिहासानेही हेच दाखवले. मधुमेहावर जी औषधे आली ती रोधक नव्हती, उत्तेजक होती. थायाझोलिडिनडायोन या गटातली औषधे पीपीएआर-गॅमाला चिकटतात, हे १९९५ साली कळले. ही औषधे घेतल्यावर वजन वाढते, तरीही साखर उतरते, कारण नव्या लहान मेदपेशी त्वचेखाली घडतात आणि यकृतातली चरबी तिकडे सरकते. या गटाचा मार्ग सोपा नव्हता. ट्रोग्लिटाझोन १९९७ साली अमेरिकेत आले आणि यकृताला इजा करते म्हणून २००० साली मागे घेतले गेले. रोसिग्लिटाझोनवर हृदयविकाराच्या धोक्याचा ठपका आला आणि २०१० साली भारतात त्यावर बंदी आली. पायोग्लिटाझोनची विक्री भारतात जून २०१३ मध्ये थांबवली गेली आणि जुलैअखेर मूत्राशयाच्या कर्करोगाचा ठळक इशारा छापण्याच्या अटीवर पुन्हा सुरू झाली. आजही ते मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडसोबत एकाच गोळीत दिले जाते. भारतीय औषधसंशोधनाची सुरुवातीची मोठी पावले याच ग्राहीवर पडली आहेत. डॉ. रेड्डीज कंपनीने १९९७ साली बालाग्लिटाझोन हा रेणू डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्कला परवान्याने दिला. पाठोपाठ दिलेल्या रागाग्लिटाझारच्या चाचण्या मात्र २००२ साली थांबल्या, कारण प्राण्यांत मूत्राशयाच्या गाठी आढळल्या. अहमदाबादच्या झायडसने शोधलेले सारोग्लिटाझार २०१३ साली भारतात मंजूर झाले. ते अल्फा आणि गॅमा दोन्ही ग्राहींना चालना देते.

उत्तेजक आणि रोधक यांच्यामध्ये एक तिसरी वाट २०१० साली सापडली. लठ्ठपणात सीडीके-५ हे विकर पीपीएआर-गॅमाच्या २७३व्या जागच्या सेरीनवर फॉस्फेट चढवते. त्यामुळे अ‍ॅडिपोनेक्टिनसारखी काही जनुके मंदावतात. पुढच्याच वर्षी एसआर-१६६४ या रेणूने ही जागा सांभाळली, पण पेशींना चरबी साठवायला लावले नाही. उंदरांत साखर सुधारली आणि वजनही वाढले नाही. ग्राही ‘चालू’ किंवा ‘बंद’ एवढ्या दोनच अवस्थांत विचार करण्याची सवय या शोधाने सोडायला लावली. या आढाव्यातल्या सगळ्या शोधांत पुढच्या औषधांच्या दृष्टीने हाच सर्वांत आशादायक म्हणावा लागेल.

हाडांचा मुद्दा थोडक्यात. अस्थिमज्जेतली मूळपेशी हाड घडवणारी पेशी होते किंवा मेदपेशी होते. पीपीएआर-गॅमा तिला मेदपेशीकडे ढकलतो. म्हणून उत्तेजक औषधे घेणाऱ्या स्त्रियांत हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले, आणि उलट निम्मा ग्राही असलेल्या उंदरांत हाड अधिक घडले. मज्जेतल्या मेदपेशी कमी करणे एवढाच हेतू असेल तर रोधकाला तिथे खरा वाव आहे.

मेदपेशीच्या घडणीवर इतर केंद्रकी ग्राहींचाही हात असतो. बशीतल्या मिश्रणातले डेक्सामेथासोन कॉर्टिसॉलच्या ग्राहीमार्फत काम करते. मिफेप्रिस्टोनने तो ग्राही थोपवला की घडण मंदावते, पण पूर्ण थांबत नाही. अल्डोस्टेरोनचा ग्राही अडवल्यासही बशीतल्या पेशींची घडण मागे पडते. ड जीवनसत्त्वाचा ग्राही उलट चालतो: तो जागा असला की ३टी३-एल१ पेशी मेदपेशी होत नाहीत. एफएक्सआर हा पित्ताम्लांचा ग्राही मात्र मेदपेशीच्या घडणीला मदत करतो, आणि इथे भारतीय वैद्यकाची एक जुनी वस्तू या विषयात येते. गुग्गुळाच्या डिंकावर बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी १९६०च्या दशकात काम केले. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेतून पुढे गुगुलिपिड हे कोलेस्टेरॉलवरचे औषध आले. २००२ साली गुग्गुळातील गुगुलस्टेरोन एफएक्सआरचा रोधक असल्याचे ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. ३टी३-एल१ पेशींची घडणही तो मागे खेचतो. पण तो प्रोजेस्टेरोन आणि कॉर्टिसॉल यांच्या ग्राहींनाही चिकटतो, म्हणून बशीतला परिणाम एकट्या एफएक्सआरच्या नावावर मांडता येत नाही. २००३ साली अमेरिकेत झालेल्या नियंत्रित चाचणीत गुगुलिपिड घेणाऱ्यांचे अपायकारक कोलेस्टेरॉल घटण्याऐवजी थोडे वाढले. चरबी वितळवण्याच्या नावाने गुग्गुळ विकणाऱ्या जाहिराती बशीतल्या प्रयोगाचा दाखला देतात आणि या चाचणीबद्दल गप्प राहतात, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

शेवटी परिसराचा भाग. ग्राहीची पोकळी ऐसपैस असल्यामुळे कारखान्यातले काही रेणूही तिच्यात बसतात. सर्वांत चांगला अभ्यास झाला आहे ट्रायब्युटिलटिनचा. जहाजाच्या बुडाला शंखशिंपले चिकटू नयेत म्हणून रंगात ते घालत. ते आरएक्सआर आणि पीपीएआर-गॅमा या जोडीला अगदी अल्प मात्रेत चालना देते. २००६ साली कॅलिफोर्नियातील गटाने दाखवले की गर्भावस्थेत त्याचा संपर्क आलेल्या उंदरांत मेदऊती अधिक वाढते. त्याच रसायनाने समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटतात, आणि तेही आरएक्सआरमार्फत. भारतीय समुद्रातली अशी नोंद १९९९ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी गोव्यातून केली. त्या गोगलगायीचे नाव क्रोनिया कोंकणेन्सिस. २००१च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार असे रंग २००८ पासून बंद झाले. पण गाळात बसलेले ट्रायब्युटिलटिन वर्षानुवर्षे टिकते, म्हणून बंदरे आणि जहाजांचा वावर असलेल्या खाड्या यांच्या बाबतीत त्याचा विचार आजही करावा लागतो. पेण तालुक्यात अंबा नदीच्या धरमतर खाडीतून डोलवीकडे कच्चा माल घेऊन बार्ज येतात. ही खाडी अशाच खाड्यांपैकी आहे.

रोधकाच्या बाजूला बॅज आहे. डबाबंद पदार्थांच्या डब्यांना आतून लावलेल्या इपॉक्सी लेपातून त्याचा अंश अन्नात उतरू शकतो. युरोपीय संघाने २००५ साली बॅज आणि पाण्याशी त्याची क्रिया होऊन बनणाऱ्या पदार्थांसाठी किलोमागे ९ मिलिग्रॅमची मर्यादा घातली. अन्नातून मिळणाऱ्या मात्रेत तो माणसाच्या मेदपेशी थोपवतो, असे म्हणायला पुरावा पुरेसा नाही. बशीत वापरलेली मात्रा त्याहून कितीतरी मोठी असते.

रोह्याची धाटाव वसाहत रासायनिक कारखान्यांची आहे आणि शेजारून कुंडलिका वाहते. तिथे सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. अशा केंद्रात रोज मोजले जाणारे बीओडी आणि सीओडी हे आकडे पाण्यातला एकूण सेंद्रिय भार सांगतात. त्या भारातला एखादा रेणू केंद्रकी ग्राहीला चिकटतो का, हे त्यांतून कळत नाही. त्यासाठी वेगळी पेशीचाचणी असते. पीपीएआर-गॅमा जागा झाला की काजव्याच्या विकराने उजेड देणाऱ्या पेशी तयार मिळतात. पाण्याच्या नमुन्यातले सेंद्रिय पदार्थ गाळून घट्ट करतात आणि अशा पेशींना दोनदा देतात: एकदा नुसते, एकदा रोसिग्लिटाझोनसोबत. पहिल्या वेळी उजेड वाढला तर नमुन्यात उत्तेजक आहे. दुसऱ्या वेळी तो घटला आणि पेशी जिवंत आहेत याची खात्री झाली, तर त्यात रोधक आहे.